मान्यतेच्या अधीन राहून

मराठी वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर बारीक टंकातल्या जाहीर नोटिसा छापून येतात. त्या वाचण्यासाठी कोणी वृत्तपत्र विकत घेत नाही. हरवलेले शेअर-दाखले, नावातला बदल, जमिनीवरचे हक्क, आणि त्यांच्याच शेजारी कधी तरी दोन कंपन्यांच्या विलीनीकरणाची सूचना. डिसेंबर २०१६ पासून अशा विलीनीकरणाचे अर्ज उच्च न्यायालयाऐवजी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे जातात. भागधारकांच्या सभेची सूचना एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेतील वृत्तपत्रात छापली पाहिजे, असा नियम आहे. या नियमामुळेच आम्हा दोघा मराठीच्या अध्यापकांचा या विषयाशी संबंध आला. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना व्यावहारिक मराठी शिकवताना सूचनालेखनाचे नमुने हवे असतात. पाठ्यपुस्तकातले नमुने स्नेहसंमेलनाच्या आणि वाचनालयाच्या वेळांच्या पलीकडे जात नाहीत. म्हणून आम्ही कात्रणे जमवू लागलो, आणि जवळपास प्रत्येक कात्रणात एकच पदबंध आढळू लागला : ‘सक्षम प्राधिकरणांच्या मान्यतेच्या अधीन राहून’.

हा इंग्रजी कायद्याच्या भाषेचा शब्दशः अनुवाद आहे, हे उघड आहे. पण तेवढे म्हणून तो बाजूला सारता येत नाही. या पाच शब्दांत किती माणसांचे किती दिवस अडकून पडतात, हे कळत गेले तसतसे आम्हाला त्यांचा नीट विचार करणे भाग पडले. हा लेख त्या विचाराचा आहे. आम्ही कायद्याचे अभ्यासक नाही. ज्याला वाक्यातला कर्ता शोधायची सवय आहे, अशा वाचकाच्या नजरेने आम्ही या कागदांकडे पाहिले आहे.

आरंभ ‘विलीनीकरण’ या शब्दापासूनच करावा लागेल. मराठीत हा शब्द कंपन्यांच्या आधी संस्थानांनी आणला. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतली संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. पुण्याच्या शेजारचे भोर हे त्यांतलेच एक. राजांनी ज्या कागदावर सह्या केल्या त्याला ‘विलीननामा’ म्हणत. पुढे १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही, हा प्रश्न थेट लोकांना विचारला गेला. १,७२,१९१ मते वेगळे राहण्याच्या बाजूने पडली, १,३८,१७० विलीनीकरणाच्या बाजूने. त्यानंतर हा शब्द घराघरांत पोहोचला तो २०२१-२२ च्या एस.टी. कर्मचाऱ्यांच्या संपात. राज्य परिवहन महामंडळाचे शासनात विलीनीकरण व्हावे, ही त्यांची मुख्य मागणी होती. आणि या सगळ्यांच्या आधीपासून हा शब्द आपण मृत्युलेखात वापरतो : अनंतात विलीन. म्हणजे मराठी कानाला ‘विलीन’ म्हणताच एक कोणी तरी नाहीसा होणार, हे आपोआप ऐकू येते. ज्यांचे काही पणाला लागलेले असते ते या शब्दाने दचकतात, यात नवल नाही.

आता कराराकडे वळू. दोन कंपन्यांनी एकत्र येण्याच्या कागदावर सह्या केल्या म्हणजे त्या एकत्र आल्या, असे नसते. सही आणि पूर्तता यांच्यामध्ये महिने, कधी वर्षे जातात. या काळाला मराठी माणूस साखरपुडा आणि लग्न यांच्यामधला काळ म्हणून सहज समजू शकेल. शब्द दिला आहे, पण संसार सुरू झालेला नाही. एवढेच नव्हे, तर तो आधीच सुरू करायला मनाई आहे. स्पर्धा आयोगाकडे नेण्याजोगा व्यवहार असेल तर मान्यतेपूर्वी दोन्ही कंपन्यांनी एकच असल्यासारखे वागू नये, असा कायदा आहे, आणि तो मोडल्यास दंड होतो.

या मधल्या काळात कोणाकोणाची मान्यता लागते? नोंदणीकृत कंपनी असेल तर शेअर बाजार आणि सेबी. व्यवहार मोठा असेल तर भारतीय स्पर्धा आयोग. बँक असेल तर रिझर्व्ह बँक. शेवटी न्यायाधिकरण. शिवाय भागधारकांची सभा. तिथे मूल्याच्या तीनचतुर्थांश एवढे बहुमत लागते. करारात ही सगळी यादी ‘पूर्वअटी’ या सदराखाली असते. त्यांतली एक जरी राहिली तरी सहीचा कागद निव्वळ कागद राहतो.

या यादीत एक गोष्ट आम्हाला विशेष वाटली. काही ठिकाणी कायदा गप्प बसण्यालाच होकार मानतो. न्यायाधिकरणापुढच्या योजनेची सूचना आयकर खाते, रिझर्व्ह बँक, सेबी अशा अनेकांना पाठवायची असते. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर त्यांचे काही म्हणणे नाही, असे धरले जाते. स्पर्धा आयोगालाही मुदत आहे. ती पूर्वी २१० दिवस होती, १० सप्टेंबर २०२४ पासून १५० दिवस आहे. त्या मुदतीत आदेश निघाला नाही तर व्यवहाराला मान्यता मिळाली असे समजतात. मौन ही संमती, हे आपले जुने वचन इथे कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसले आहे. मोठ्यांच्या व्यवहारात मौनाला मुदत असते, ही गोष्ट वाचकाने मनात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

सगळे सुरळीत झाले तर हे प्रकरण बाहेरच्या माणसाला कळतही नाही. पुण्यातल्या हिंजवडीच्या केपीआयटी टेक्नॉलॉजीजचे उदाहरण घ्या. बिर्लासॉफ्टशी एकत्र येण्याची घोषणा जानेवारी २०१८ मध्ये झाली, मान्यता मिळत गेल्या, आणि जानेवारी २०१९ मध्ये योजना अमलात आली. आधी बिर्लासॉफ्ट केपीआयटीत विलीन झाली. मग वाहन-तंत्रज्ञानाचा विभाग वेगळा काढला गेला. यात गंमत नावांची झाली. जुन्या कंपनीने बिर्लासॉफ्ट हे नाव घेतले आणि नव्या कंपनीला केपीआयटी हे जुने नाव मिळाले. देह एकाचा, नाव दुसऱ्याचे. वर्षभरात सगळे पार पडले, म्हणून त्याची कथा झाली नाही.

कथा झाली ती झी आणि सोनी यांची. मराठी प्रेक्षकाच्या घरात झी मराठी आणि सोनी मराठी या दोन्ही वाहिन्या येत असल्याने ती आपल्याला दूरची नाही. २२ डिसेंबर २०२१ रोजी करार झाला. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी स्पर्धा आयोगाने सशर्त मान्यता दिली. शर्त अशी की बिग मॅजिक, झी अॅक्शन आणि झी क्लासिक या तीन वाहिन्या विकून टाकाव्यात. त्याच महिन्यात भागधारकांनी जवळजवळ एकमताने होकार दिला. १० ऑगस्ट २०२३ रोजी न्यायाधिकरणाची मंजुरी मिळाली. मोठ्या मान्यता हाती आल्या होत्या. तरीही २२ जानेवारी २०२४ रोजी सोनीने करार संपवला. मधल्या काळात सेबीने झीच्या प्रमुखांविरुद्ध आदेश काढला होता, तो अपिलात रद्दही झाला होता, पण नव्या कंपनीचे नेतृत्व कोणाकडे, हा प्रश्न सुटला नाही. करारातल्या अटी पुऱ्या झाल्या नाहीत, असे सोनीचे म्हणणे. झीला ते मान्य नव्हते. नऊ कोटी डॉलरच्या मागणीवरून लवाद सुरू झाला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये दोघांनी आपसांत मिटवले.

इथे आम्हाला लक्ष वेधायचे आहे ते एका तारखेकडे. त्या कराराची मुदत दोन वर्षांची होती. ती २१ डिसेंबर २०२३ रोजी संपली. त्यानंतर बोलणी करण्यासाठी ३० दिवस होते, आणि ते संपताच दार बंद झाले. करार लिहिणाऱ्या वकिलांनी पहिल्याच दिवशी हे ओळखलेले असते की मान्यता मिळेल किंवा न मिळेल, पण वाट किती पाहायची हे आजच ठरवले पाहिजे. अमेरिकेत एटी अँड टी कंपनी टी-मोबाइल यूएसए विकत घेणार होती. करार मार्च २०११ मध्ये झाला, सरकारचा विरोध झाला, डिसेंबरमध्ये तो सोडून द्यावा लागला. मान्यता न मिळाल्यास भरपाई द्यायची असे करारातच लिहिलेले होते, म्हणून एटी अँड टीने तीन अब्ज डॉलर रोख आणि वर ध्वनिलहरींचे काही हक्क दिले. प्रतीक्षेला तारीख आणि अपयशाला किंमत, या दोन गोष्टी बलवान माणूस आपल्या करारात लिहून घेतो.

ही दृष्टी काही आजची नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात अनिश्चित घटनेवर अवलंबून असलेल्या करारांचे एक छोटे प्रकरण आहे. त्यातले एक उदाहरण जहाजाचे आहे. अमुक जहाज वर्षाच्या आत परत आले तर मी तुला पैसे देईन, असे एकाने दुसऱ्याला सांगितले. जहाज वर्षात आले तर पैसे मागता येतात. वर्ष संपले आणि जहाज आले नाही, तर करार तिथेच संपला. ‘आले तर’ आणि ‘वर्षाच्या आत आले तर’ या दोन वाक्यांतला भेद कायद्याला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. पहिल्या वाक्यात माणूस धक्क्यावर उभाच राहतो. दुसऱ्यात त्याला केव्हा तरी घरी जाता येते.

आता आमच्या शहराकडे येतो. रुपी को-ऑपरेटिव्ह बँक १९१२ साली पुण्यात स्थापन झाली. पेठांमधल्या कुटुंबांच्या तीन-तीन पिढ्यांची खाती तिथे होती. निवृत्त शिक्षकाची ग्रॅच्युइटी, मुलीच्या लग्नाची मुदतठेव, सोसायटीचा दुरुस्ती निधी, असा हा पैसा. फेब्रुवारी २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले. संचालक मंडळ गेले, प्रशासक आले. निर्बंध काही महिन्यांचे असत आणि ते संपत आले की त्यांना मुदतवाढ मिळे. ‘मुदतवाढ’ हा एरवी दिलासा देणारा शब्द. परीक्षेचा अर्ज भरायला मुदतवाढ, कर भरायला मुदतवाढ. इथे वाढत होती ती अडवणुकीची मुदत. ठेवीदारांची आशा एकाच गोष्टीवर होती : कोणी तरी सशक्त बँक हिला पोटात घेईल. राज्य सहकारी बँकेत विलीन होण्याचा प्रस्ताव झाला, तो सिद्धीस गेला नाही. २०२२ च्या सुरुवातीला सारस्वत बँकेचे नाव पुढे आले. पुण्यात पुन्हा एकदा आनंदाची कुजबुज झाली. १० ऑगस्ट २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने परवाना रद्द करण्याचा आदेश काढला. सहा आठवड्यांनी तो अमलात यायचा होता. पुढे अपील झाले, न्यायालयाची पायरीही चढून झाली, पण विलीनीकरण झाले नाही. पहिल्या निर्बंधापासून या आदेशापर्यंत साडेनऊ वर्षे गेली.

या काळात कायदाही बदलला, हे नोंदवले पाहिजे. पूर्वी सहकारी बँकांच्या विलीनीकरणाचा आदेश सहकार निबंधक काढत आणि त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे ना हरकत पत्र लागे. २०२० च्या दुरुस्तीने तो अधिकारच रिझर्व्ह बँकेकडे गेला, आणि मार्च २०२१ मध्ये तिने त्याची नियमावली काढली. दोन्ही बँकांच्या संचालक मंडळांनी आणि भागधारकांनी मोठ्या बहुमताने योजना संमत करायची आणि मग ती रिझर्व्ह बँकेपुढे मांडायची, असा क्रम आहे. म्हणजे भागधारकांचे मत आहे. ठेवीदाराचे?

हा प्रश्न आम्हाला सहकाराच्या रचनेने पाडला. सहकारी बँकेत कर्ज घ्यायचे तर शेअर घ्यावे लागतात, म्हणजे कर्जदार सभासद होतो आणि सभासद म्हणून मत देतो. ठेवीदार सभासद असेलच असे नाही. ज्याने पैसे नेले त्याला सभेत हात वर करता येतो. ज्याचे पैसे नेले गेले तो सभागृहाबाहेर उभा राहू शकतो. विलीनीकरणाच्या योजनेवर सर्वांत जास्त ज्याचे अवलंबून आहे, तोच या करारात सही करणारा नाही आणि मत देणाराही नाही. मग त्याच्या वतीने तिथे कोण बोलते? आमच्या मते त्या अटीचा खरा अर्थ इथे आहे. ‘रिझर्व्ह बँकेच्या मान्यतेच्या अधीन राहून’ म्हणजे दोघांच्या करारात गैरहजर असलेल्या तिसऱ्याची जागा. वाहिन्यांच्या करारात ती प्रेक्षकाची आणि जाहिरातदाराची असते, बँकांच्या करारात ठेवीदाराची. ही जागा कागदावर आहे याचा आम्हाला आदर वाटतो. ती नसती तर दोन संचालक मंडळांनी परस्पर सगळे उरकले असते.

म्हणूनच आम्ही नकाराला सरसकट दोष देत नाही. आजारी बँक सशक्त बँकेच्या गळ्यात बांधली तर सशक्त बँकेचे ठेवीदारही गैरहजर तिसरेच आहेत. त्यांच्या वतीने ‘नाही’ म्हणणे हेही कर्तव्य असू शकते. आदेश काढताना रिझर्व्ह बँकेने म्हटले की रुपी बँकेकडे पुरेसे भांडवल नाही आणि कमाईची शक्यता नाही, आणि ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळू शकते. १८ मे २०२२ पर्यंत ठेव विमा महामंडळाने ७००.४४ कोटी रुपये दिलेही होते. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाख झाली, आणि १ सप्टेंबर २०२१ पासून निर्बंध येताच ९० दिवसांत विम्याचे पैसे देण्याची तरतूद झाली. विलीनीकरणाची शक्यता असेल तर तिथेही आणखी ९० दिवसांची वाढ घेता येते, पण त्यापुढे नाही. ठेवीदारासाठी पहिल्यांदाच कायद्याने आकडा लिहिला. मात्र रुपीच्या ठेवीदाराला तो आकडा आठ वर्षे उभे राहिल्यानंतर दिसला, आणि पाच लाखांच्या वर ज्याचे काही होते त्याच्यासाठी तो अपुराच होता.

वेग अशक्य होता असेही नाही. १९३६ साली स्थापन झालेल्या साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर २ सप्टेंबर २००६ रोजी स्थगिती आली आणि ३ ऑक्टोबर २००६ रोजी ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. एक महिना आणि एक दिवस. भागधारकांना एका शेअरमागे २८ रुपये मिळाले. तिथे दोन बँकांचा करार आणि त्यावर मान्यता असा प्रकार नव्हता, वरून आलेली योजना होती. सहकारी बँकांना ही वाट तेव्हा खुली नव्हती, २०२० नंतर झाली. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक २५ जानेवारी २०२२ रोजी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत अशीच विलीन झाली. त्या योजनेच्या मसुद्यावर ठेवीदारांकडून हरकती आणि सूचना मागवल्या गेल्या. मतदान नव्हते. मोठ्या ठेवींचे पैसे दहा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने मिळायचे ठरले. विलीनीकरण झाले, पण पैशाच्या वाटेवर दहा वर्षे पसरली. तरी आम्ही ते रुपीपेक्षा बरे मानतो. दहा वर्षे हा एक आकडा आहे. तो भिंतीवरच्या कॅलेंडरात मोजता येतो.

आमच्या विभागातून निवृत्त झालेले एक सर आहेत. एका बँकेत, तिचे नाव इथे महत्त्वाचे नाही, त्यांची ठेव अशीच अडकली होती. ते आम्हाला व्याकरण शिकवणाऱ्या पिढीतले. दर काही महिन्यांनी ते विभागात येत, बँकेच्या दारावर लावलेल्या सूचनेची हाताने उतरवलेली नक्कल समोर ठेवत आणि विचारत, “यात कर्ता कुठे आहे, सांगा पाहू.” आम्ही वाक्य वाचायचो : ‘सदर प्रस्ताव मान्यतेच्या अधीन राहून विचाराधीन आहे.’ दोनदा अधीन. सर म्हणायचे, “राहून या रूपाचा आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता एकच असायला हवा. मुलांना तुम्ही तसेच शिकवता ना? मग इथे कोण राहतो आहे?” थोडे थांबून स्वतःच उत्तर द्यायचे, “मी राहतो आहे.” त्यांच्या पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया त्या काळात दोनदा पुढे ढकलली गेली. मुलाने पैसे देऊ केले होते. सरांनी घेतले नाहीत. माझे आहेत, येतील, असे ते म्हणत. त्या हट्टाचे कौतुक करावे की त्यांच्यावर चिडावे, हे आमचे अजून ठरलेले नाही.

सरांनी दाखवलेले ते वैगुण्य केवळ भाषेचे नाही, असे आम्हाला वाटते. ‘विलीनीकरण करण्यात येईल’ या कर्मणी रचनेत करणारा लपतो. ‘अधीन राहून’ मध्ये सोसणारा लपतो. आणि वाक्याच्या दोन्ही टोकांची माणसे नाहीशी झाली की मधली मुदतही नाहीशी व्हायला वेळ लागत नाही. मराठीत या प्रसंगासाठी शब्दांची काही उणीव नाही. संमती बरोबरीचा देतो. परवानगी वरचा देतो आणि ती मागावी लागते. मंजुरी रकमेला किंवा ठरावाला मिळते. मान्यता देणारा मात्र आधी तपासतो आणि मग आपले नाव त्यामागे उभे करतो, म्हणून तिच्यात जबाबदारी येते. रिझर्व्ह बँकेकडून मिळते त्याला मराठी नोटिसा ‘मान्यता’ म्हणतात, हे योग्यच आहे. पण जबाबदारीचा शब्द वापरला की तिच्याबरोबर ‘केव्हा’ हा प्रश्न येतो, आणि तो नोटिशीत कुठेच नसतो. ‘स्वाधीन करणे’ म्हणजे ज्याचे त्याला देणे, हा अर्थ याच ‘अधीन’ शब्दापासून आपल्या भाषेने घडवलेला आहे. ठेवीदार त्या दुसऱ्या अर्थाची वाट पाहत असतो.

गेल्या काही वर्षांत आम्ही वर्गात एक स्वाध्याय देतो. अशी एखादी नोटीस घ्यायची आणि तिचे प्रत्येक वाक्य कर्तरी प्रयोगात लिहायचे. कोण करणार, कोणाच्या होकाराने, किती दिवसांत, आणि होकार आला नाही तर कोणाचे काय होणार, हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरे झाले असे समजायचे नाही. मुलांना सुरुवातीला हा व्याकरणाचा कंटाळवाणा खेळ वाटतो. एकदा मावळातून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने लिहिले : “रिझर्व्ह बँक हो म्हणाली तर या दोन बँका एक होतील. नाही म्हणाली तर तुमची बँक बंद होईल. ती केव्हा सांगेल हे आम्ही तिला विचारलेले नाही.” तिसरे वाक्य मूळ नोटिशीत नव्हते. कर्ता शोधता शोधता ते तिला सापडले होते. वर्गात त्यावर बराच वेळ चर्चा झाली. एकाने विचारले, “पण मग सर, असे लिहिले तर लोक घाबरणार नाहीत का?” घाबरतील. पण घाबरलेला माणूस दुसरी तजवीज करू शकतो. ‘अधीन राहून’ वाचलेला माणूस नुसता बसून राहतो.

आमची मागणी मोठी नाही. मान्यतेची अट राहावी, ती सैल होऊ नये. तिसऱ्याची जागा करारात असलीच पाहिजे. परंतु मोठ्या कंपन्यांच्या व्यवहारात मौनाला ३० दिवस आणि १५० दिवस असतात, दोन उद्योगसमूहांच्या करारात दोन वर्षे आणि वर ३० दिवस असतात, तर ज्याच्यासाठी ही अट मुळात घातली त्या ठेवीदारालाही विलीनीकरणाच्या प्रस्तावावर होय किंवा नाही ऐकण्याची एक तारीख मिळावी. ती बँकेच्या दारावर, त्याला वाचता येईल अशा अक्षरात आणि त्याच्या भाषेत लिहिलेली असावी. मराठीच्या अध्यापकांना त्यातले दुसरे काम तरी करता येईल. नोटिशीचे मराठी तपासून द्यायला आम्ही तयार आहोत. तारीख मात्र ज्याच्या हातात आहे त्यानेच घालावी लागेल.